तारखेचा रकाना

ता. ४ मार्च

प्रिय दादास,
स. सलाम वि. वि.

तू येऊन गेलास तेव्हापासून आई अंथरुणातून उठलेली नाही. डॉक्टर म्हणाले, फार तर तीन आठवडे. पण दुखण्यापेक्षा तुझा प्रश्नच तिला जास्त खातोय. तुझ्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना विचारतोस तेच तिलाही विचारलंस, प्रभूला कोणत्या तारखेला स्वीकारलंस. तिला सांगता येईना, तर वहीत तिच्या नावापुढचा रकाना कोरा ठेवून चहासुद्धा न घेता निघालास. अरे, चाळीस वर्षं जिने प्रभुभोजनाचे पेले घासले, तिला तारीख रे कसली!

आता येईल त्याला विचारते, देवाने मला घेतलंय ना. परवा दूधवाल्यालाही विचारलं. तो बिचारा हो म्हणून मोकळा झाला. मी पडले काज-बटणं करणारी बाई, माझं तिला पटत नाही. पाळक झालेल्या मुलाचंच हवं. दोन ओळी लिही, की आई, तू ख्रिस्ताची आहेस. एवढंच.

लोभ आहेच; त्यातला थोडा आईकडे वळव.
तुझी,
छोटी

ता. ९ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

रडूबाई, अजून तशीच आहेस! दूधवाल्याचं वाचून तुझ्या वहिनीला हसू आवरेना.

असो. आई म्हणून सूट दिली तर उद्या मंडळी मला हसेल. सहाशे माणसांनी तारीख दिलीय, त्यात माझे सासरेही आले. पेले घासून कोणी तरत नाही. तिने पश्चात्ताप करावा आणि खात्री पटली की सोबतचा फॉर्म भरून पाठवावा. मग मी आनंदाने लिहीन. खोटा दिलासा माझ्या हातून होणे नाही. तिला भीती वाटत असेल तर बरंच आहे, भीतीनेच माणूस दारात येतो.

तुझ्यावर माया आहे म्हणूनच स्पष्ट लिहिलं.
दादा

ता. १४ मार्च

प्रिय दादास,
स. सलाम वि. वि.

तुझं पत्र आईने दोनदा वाचून घेतलं. भीतीचं वाक्य मी गाळणार होते, पण माझा चेहरा बघून तिने ओळखलं. काल सकाळी उशीला टेकून बसली, पेन मागितलं आणि फॉर्मच्या रकान्यात तू आला होतास तीच तारीख घातली. खरंच का गं, असं मी विचारलं, तर म्हणाली, नसत्या चौकशा नकोत, पोस्टात टाक. आता तरी लिही. पाणीसुद्धा चमच्याने पाजतेय रे मी.

वाट बघणारी,
छोटी

ता. १८ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

रविवारी फॉर्म मंडळीपुढे वाचला. माझ्याच भेटीच्या दिवशी आईचा नवा जन्म झाला हे ऐकून लोक ढसाढसा रडले. वार्षिक अंकात तिचा फोटो छापायचाय, चांगलासा पाठव, आजारपणातला नको. आता माझ्या दोन ओळींची गरज ती काय? तारीख आहे ना तिच्यापाशी! शिबिर उरकलं की येतोच.

फोटोचं विसरू नकोस, मग लोभ वाढेलच.
दादा

ता. २३ मार्च

दादा,

आई काल दुपारी गेली. आज सकाळी माती दिली. तुला मुद्दाम कळवलं नाही.

तारीख खोटी होती. फॉर्म पोस्टात पडला त्याच दिवशी तिने मला सांगितलं. सहाशे माणसांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून घातली. आणि मग आपण देवाशी खोटं बोललो, असा धसका घेतला. आधी निदान शंका तरी होती. नंतर तिला पक्कंच वाटायला लागलं की आपल्याला तिथे घेणार नाहीत. मी तोंड दुखेपर्यंत सांगितलं, वधस्तंभावरच्या चोराला प्रभूने मरता मरता स्वर्गात घेतलं, त्याला कोणी तारीख विचारली होती का? तर म्हणाली, चोराने खोटं तरी नव्हतं लिहिलं.

तुझं पत्र आलं तेव्हा डोळे उघडून तिने विचारलं, दोन ओळी आल्या का. खोट्याची तिने एवढी धास्ती घेतली होती, की मी पत्र जसंच्या तसं वाचलं. ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. घाबरत घाबरत गेली रे आपली आई.

प्रार्थना मीच केली. आवाज एकदाही कापला नाही. आई प्रभूजवळ आहे, याची मला पूर्ण खात्री आहे. तुझी तेवढी देता येत नाही.

छोटी