घडीच्या चादरी

५ जानेवारी
नोकरी लागली! वृद्धाश्रमाची धुलाईखोली. दोन मोठी मशीनं, इस्त्रीचं टेबल आणि शेजारी राहायला खोली. आईलाही सोबत ठेवायला आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी परवानगी दिली. आश्रमाच्या यादीत तिचं नाव नाही, कुणाला त्रास होता कामा नये एवढीच अट. अर्धांगवायूपासून तिच्या डाव्या अंगाला काही कळत नाही, जीभ मात्र ठणठणीत. म्हणाली, मशीनच्या आवाजात तुझी बडबड तरी ऐकू येणार नाही.

९ जानेवारी
काम शिकवते ती लांबूताई. इथली जुनी, दारातून वाकूनच येते. नव्याने आलेल्या एका आजोबांना खरूज निघालीय. त्यांच्या चादरी उकळायच्या. लोकरी ब्लँकेट उकळलं की आखडतं, म्हणून ते पिशवीत घट्ट बांधायचं, तारखेची चिठ्ठी लावायची आणि आठ दिवस हात लावायचा नाही. किडा उपाशी मरतो म्हणे. तारीख लांबूताई स्वतःच लिहिते, दुसऱ्या कुणावर विसंबत नाही.

१० जानेवारी
आई थंडीने कुडकुडत होती. तिचं पांघरूण म्हणजे नुसती चाळण. कालच्या पिशवीतलं ब्लँकेट इतकं मऊ! आठ दिवस कधीच उलटलेल्या एका जुन्या पिशवीची चिठ्ठी काढून आजोबांच्या पिशवीवर चिकटवली आणि ब्लँकेट घेतलं. गच्चीत चांगलं झटकलं. एवढासा किडा, राहतोय कसला! आईला छान झोप लागली.

२ फेब्रुवारी
आई आता चादरींच्या घड्या घालते. उजवा हात आणि हनुवटी, बास. रिकामं बसणं तिला जन्मात जमलं नाही. इमारतीतली प्रत्येक चादर तिच्या मांडीवरून जाते. मोठ्या बाई खूश, मी तर हवेतच.

२० फेब्रुवारी
बोटांच्या बेचक्यात खाज येतेय. साबणाने असेल. दुसऱ्या मजल्यावरच्या तिघी आज्याही खाजवताहेत. त्या कुठे साबणात हात घालतात?

१ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरूजच. एकवीस जणांना. यादीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचं. मीही लावलं. आईला विचारलं, खाजतं का? नाही म्हणाली. मग मीही डॉक्टरीणबाईंपुढे तिचा विषय काढला नाही. खोली गेली तर तिला घेऊन जाऊ कुठे?

४ मार्च
आजोबांच्या पिशवीवर आजोबा इथे यायच्या आधीची तारीख निघाली. अक्षर लांबूताईचं. मी शेजारीच उभी होते. अभ्रे मोजत राहिले. तिनेच चुकीची तारीख घातली असं ठरवून तिला कामावरून काढलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, "माझी चूक नाही गं. पण तू जप." मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

१७ मार्च
पुन्हा. अठ्ठेचाळीस. खरूज परिचारिकांच्या घरी पोचली, त्यांच्या मुलांकडून शाळेत. मलम झालं, उकळून झालं, तरी— एक आजी म्हणाली, धुतलेली चादर घेतली की जास्त खाजतं. सगळे हसले. मीही हसले.

२१ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणतात, खाजवणाऱ्यांना सोडा, न खाजवणारं माणूस शोधा. ज्याला खाज कळत नाही त्याच्या अंगावर किडे लाखोंनी वाढतात. कातडीचा कोंडा गळतो, कोंड्यात ते जिवंत.
आईच्या खुर्चीखालचा कोंडा मी रोज झाडते.

२२ मार्च
डावी बाही वर केली. मनगटापासून खांद्यापर्यंत जाड, पिवळट, भेगाळलेलं. आधी दिसलं नव्हतं असं नाही. रोज अंघोळ मीच घालते. कोरडी कातडी म्हणायचं, तेल चोळायचं, बाही खाली ओढायची. आज एक खपली भिंगाखाली धरली. हलत होती. सगळीच.
आईने विचारलं, काय बघतेस एवढं? काही नाही म्हटलं.

२३ मार्च
सांगायलाच हवं. लांबूताईचं, ब्लँकेटचं, सगळं. मोठ्या बाई वर आहेत, जिना चढला की— खोली जाईल. आईला हात लावायला कुणी येणार नाही. पण आश्रमातले सत्तर जण—

वरून चादरी मागताहेत. कालपासून मी एकही दिलेली नाही. आई हात पसरून बसलीय.
"दे गं, रिकामं बसवत नाही."
तिच्या मांडीवर पांढरा थर. मी जातेच. आत्ता सांगते. एवढा एकच गठ्ठा तिला देते आणि