पाळण्याआधी बँडसॉ

३ नोव्हेंबर, रविवार
दिवाळी संपली. अर्पिता आणि जावई सकाळीच पुण्याला गेले. निघताना लेक म्हणाली, बाबा, बाळाला तुमच्या हातचा पाळणा पाहिजे, आपल्या शेतातल्या सागाचा. हो म्हणालो. 
बाळ मार्चच्या मध्याला येणार. म्हणजे वेळच वेळ. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसून मी जन्मभर लोकांना लेटमार्क लावले. मला वेळेचं कुणी शिकवू नये.
वादळात पडलेलं सागाचं खोड मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. हातकरवतीनं कापणं म्हणजे मागासलेपणा. शिवाय पाळण्याला गोलाई लागते, आणि गोलाईला बँडसॉ. दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरतं, लाकूड वळवू तसं कापतं. व्हिडिओत पाहिलं. लोण्यासारखं.
संकल्प: आठ दिवसांत चांगली आणि स्वस्त मशीन ठरवणे. डिसेंबरात पाळणा. जानेवारीत पॉलिश.

११ नोव्हेंबर, सोमवार
मशीन ठरली नाही, पण अभ्यास झाला. आठ इंची, दहा इंची, बारा इंची असते. इंच चाकाचे. आठ इंची लहान पडते, बारा इंची महाग पडते. दहा इंचीबद्दल एक गोरा दाढीवाला सांगतो की कुणीही घेऊ नये. त्याचाच दुसरा व्हिडिओ आहे, त्यात दहा इंचीच घ्या म्हणतो. दोन्ही पुन्हा पाहिले.
राजेश्वरी म्हणाली, एवढ्या दिसांत पाळणा झाला असता की हो. बायकोला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नसतो. तरी ब्लेडला टेन्शन किती महत्त्वाचं ते समजावलं. तिनं बीपीची गोळी आणून दिली.

२४ नोव्हेंबर, रविवार
सोलापूरला जाऊन आलो. दुकानात दहा इंची होती. चाक फिरवलं, टेबल ठोकलं, मोटरला कान लावला. दुकानदारानं विचारलं, काय कापणार? पाळणा करायचाय म्हटलं. तर म्हणतो, काका, शेजारी रेडी मिळतो, गादीसकट.
तडक बाहेर पडलो. मशीन चांगली होती. पण अशा माणसाकडून घ्यायची नाही.
एसटीत नळदुर्गपर्यंत उभं राहावं लागलं.

८ डिसेंबर, रविवार
उमरग्याहून इंद्रजितचा फोन. हा माझा साडू. हार्डवेअरचं दुकान आहे आणि प्रत्येक विषयावर मत आहे. म्हणाला, साडूभाऊ, इथला एक फर्निचरवाला धंदा बंद करायलाय, त्याची बारा इंची बँडसॉ निम्म्या भावात जातीय. लई झ्याक मशीन, मी सोता बघून आलोय, टाकू का टेम्पोत?
विचार करून सांगतो म्हटलं. विचार असा केला: इंद्रजितनं घेऊन दिलेली मशीन म्हणजे मरेपर्यंत त्याच्या तोंडून ऐकायचं. लग्नात ऐकायचं, बारशात ऐकायचं, दहाव्यालाही ऐकायचं.
सेकंडहँडला गॅरंटी नसते. तत्त्व म्हणून नकार.

१९ डिसेंबर, गुरुवार
इंद्रजितला त्या मशीनचं सहज विचारलं. माझ्या नकारानंतर लगेच निलंग्याचं गिऱ्हाईक येऊन घेऊन गेलं. ठीक आहे. तत्त्व राहिलं. जेवण गेलं नाही, पण ते वांग्यामुळं.
ऑनलाइन एक दहा इंची कार्टमध्ये टाकून ठेवली आहे. नव्या वर्षात सेल लागणार. घाई करणारा माणूस नेहमी फसतो.

१ जानेवारी, बुधवार
संकल्प: यंदा निर्णय झटपट घेणे.
सेल लागला नाही. थांबतो.

१४ जानेवारी, संक्रांत
सेल लागला. सगळ्यावर लागला. माझी मशीन तेवढी आउट ऑफ स्टॉक.
शेजारच्या मुक्ताबाईंकडं तिळगूळ द्यायला गेलो. अंगणवाडीत नोकरी केलेल्या, त्यामुळं मोठ्यांशीही लहान पोरांसारखंच बोलतात. पाळणा कुठवर आला, म्हणाल्या. फायनल स्टेज, म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक लाडू दिला. राजेश्वरी त्यांच्याशी मागं थांबून काहीतरी कुजबुजत होती. बायकांचं काही तरी.

३० जानेवारी, गुरुवार
अर्पिता बाळंतपणाला आली. पाय सुजलेत. तरी आल्या आल्या शेडमध्ये गेली. खोडावरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. मी खुर्ची दिली, घ्यायच्या मशीनचं चाक, मोटर, पात्याचे गाइड सगळं उलगडून सांगितलं. बराच वेळ शांतपणे ऐकत होती. मग लक्षात आलं, झोपलीय.
उठल्यावर म्हणाली, नाही झाला तरी चालेल बाबा. हे वाक्य मला आवडलं नाही. लहानपणी जत्रेत खेळणं मिळालं नाही की असंच चालेल म्हणायची आणि घरी येईपर्यंत गप्प बसायची.

संध्या. ७.४०. जी लगेच मिळेल ती ऑर्डर केली. आठ इंची, सगळ्यात स्वस्त. शांतपणे पाहिलं तर तीच खरी पैसा वसूल. दाढीवाला अमेरिकेत बसलाय, त्याला आपल्या गरजा काय माहीत.

९ फेब्रुवारी, रविवार
मशीन आली. म्हणजे जळकोटपर्यंत आली. डिलिव्हरीवाला फोनवर म्हणाला, काका, पुढं यायला जमत न्हाय, हायवेला धाब्यावर ठेवलंय, घिऊन जावा. रिक्षा करून गेलो. धाबेवाला खोक्यावर बसून कांदे चिरत होता.
घरी उघडली. व्हिडिओत मशीन माणसाच्या छातीला लागते. ही राजेश्वरीच्या मिक्सरच्या शेजारी सहज खपून जाईल. लाकडाला जागा किती म्हणून हात घालून पाहिला. चार बोटं. खोड माझ्या कमरेएवढं.
राजेश्वरीनं विचारलं, मग आता? म्हटलं, आता काही नाही, खोड आधी मिलवर फाडून आणायचं. सगळे प्रोफेशनल असंच करतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार
खोड घेऊन उमरग्याच्या सॉ मिलवर. तिथली बँडसॉ आमच्या मशीनची पणजी शोभेल. चहा येईपर्यंत खोडाच्या फळ्या झाल्या. मिलवाला म्हणाला, पेन्सिलीनं खुणा करा की, गोलाईबी काढून देतो. नको म्हणालो. मग मी मशीन कशाला घेतली?
इंद्रजित तिथं आला होता. काही बोलला नाही. न बोलणं हा त्याचा स्वभाव नाही. मुद्दाम केलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
मशीन जोडली. कापेचना. लाकूड नुसतं वर उडायचं. व्होल्टेजचा प्रॉब्लेम, म्हणून वायरमन बोलावला. त्यानं तपासलं, व्होल्टेज ठीक निघालं. तेवढ्यात अर्पिता खिडकीतून म्हणाली, बाबा, त्याचे दात खाली पाहिजेत ना? वर आहेत.
पातं उलटं बसलं होतं. मॅन्युअल चिनी वळणाच्या इंग्रजीत आहे, त्याला मी काय करणार.

५.१५. सरळ बसवलं. कापते! हाक मारून सगळ्यांना बोलावलं.

५.३५. पहिली गोलाई काढली. पेन्सिलची रेघ एकीकडं, पातं दुसरीकडं. दुसरी काढली, ती तिसरीकडं. दोन्ही शेजारी ठेवल्या. एक पाळण्याची वाटते, एक होडीची.

५.५०. फट्ट. पातं तुटलं.
सोलापूरला फोन केले, हा साइझ कुणाकडं नाही. ऑनलाइन एप्रिल दाखवतात. फळी लाथेनं उडवली. फळीला काही झालं नाही. अर्पितानं हळदीचा लेप लावला. आठव्या महिन्यातून पुढं गेलेल्या लेकीकडून पाय चोळून घ्यायची वेळ माझ्यावर आली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
मुलगी! दोघी सुखरूप. दोन आठवडे वेळेआधी. आमच्या घरात असं पहिल्यांदाच घडलं.

१० मार्च, सोमवार
बारसं. नाव चैताली. पाळणा मुक्ताबाईंचा. गल्लीतली निम्मी लेकरं त्यात झोपलेली आहेत. राजेश्वरीनं संक्रांतीलाच त्यांना सांगून ठेवलं होतं, हे आज कळलं. विश्वास नावाची गोष्ट संसारात राहिली नाही.
चारचौघांत इंद्रजितनं विचारलंच, साडूभाऊ, तुमचा पाळणा? म्हटलं, सेकंड फेजमध्ये आहे. अर्पिता खाली मान घालून हसली. माझ्या बाजूनं हसली की मला हसली, ठरवता आलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार
नवं पातं आलं. चैताली सकाळपासून रडत होती. गुटी झाली, दृष्ट काढून झाली. मी आपला शेडमध्ये. पातं लावण्याआधी मशीन मोकळी चालवून पाहिली. मोटर घुमायला लागली आणि घरातलं रडणं थांबलं. बंद केली, रडणं सुरू. चालू केली, थांबलं. राजेश्वरी पळत आली, बंद नका करू हो, लेकरू निजलंय.
नंतर एकदा पातं लावून पाहिलं, तर आवाज बदलला, ती दचकली. अर्पितानं बजावलं: बाबा, पातं लावायचं नाही.

११ मे, रविवार
शेडमध्ये पत्रा तापतो म्हणून मशीन मधल्या खोलीत आणली, पाळण्याशेजारी. एका हातानं उचलली. बारा इंची असती तर उचलली असती का? दूरदृष्टी म्हणतात ती हीच.
दुपारी मशीन चालते, चैताली झोपते, मी जवळ बसतो. मशिनरीपाशी जबाबदार माणूस लागतो. फळ्या शेडमध्ये आहेत, पण लाकूड जितकं वाळेल तितकं चांगलं.
इंद्रजितला फोन करून सांगितलं, मशीन पैसा वसूल निघाली. तो म्हणाला, कशी? मी फोन ठेवला.

२५ मे, रविवार
जावई गाडी घेऊन आले. अर्पिता आज पुण्याला जाणार म्हणून मी पहाटेच उठून मशीन खोक्यात भरली, सुतळीनं बांधली, गाडीपाशी नेऊन ठेवली. तिथं पोरगी झोपणार कशी, याचा विचार कुणीतरी करायला हवा.
अर्पितानं खोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हळूच म्हणाली, बाबा, आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलाय. दुपारी मशीन असते, पण गेला आठवडाभर रात्री हाच लावते. जावयांनी बटण दाबून ऐकवलं. हुबेहूब. आवाज कमीजास्तही होतो. चैतालीनं डोळे मिटले.
बरं झालं म्हणालो. गाडीत जागाही नव्हतीच.
गाडी हायवेला लागली. राजेश्वरी पाळणा पुसून मुक्ताबाईंकडं देऊन आली. मधली खोली एकदम मोठी वाटायला लागली. मी मशीन सोडवून शेडमध्ये नेली. पातं लावायला आता कुणाची हरकत नव्हती. आधी मोकळी चालवून बघू म्हटलं. बटण दाबलं आणि खुर्चीत टेकलो.
राजेश्वरीनं खांदा हलवला तेव्हा ऊन उतरलं होतं. चहा आणला होता. लाइट बिल येतंय म्हणाली आणि बटणाकडं हात नेला.
मी म्हणालो, पाच मिनिटं राहू दे.