नऊ सेंटिमीटर खचलेलं घर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी पाठ, भावोजींचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांची भांडणं ठणठणीत असतील असं धरून चालतो. मी बरा आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. फोन सोडून पत्र अशासाठी, की फोनवर तू मध्येच "खरं काय ते बोल" म्हणतेस आणि माझी बोबडी वळते.

तुमच्या गच्चीवर मी उपग्रहांचे संदेश टिपणारी अँटेना बसवली (कपडे वाळत घालायची जागा गेली म्हणून तू आठ दिवस धुसफुसत होतीस). तिच्यावरून जमीन किती वर-खाली झाली ते मिलिमीटरपर्यंत कळतं. तीन वर्षांपूर्वी मी ती बदलली आणि दुसऱ्याच आठवड्यात तुमचं घर नऊ सेंटिमीटर खचलेलं दिसलं. मी अक्षरशः नाचलो. बहिणीचं घर खचलं म्हणून नाचणारा भाऊ जगात मीच असेन! त्यावर शोधनिबंध छापला, भाषणं ठोकली, प्राध्यापक झालो. भावोजींनी बिचाऱ्यांनी वरचा मजला बांधायचं रद्द केलं, कपाटभर जाडजूड पुस्तकं वाटून टाकली आणि जावयाला घरात पाय आपटायची बंदी केली (ती त्यांना एरवीही करायचीच होती म्हणा).

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेने रडारच्या उपग्रहावरून तेच घर तपासलं. ते तसूभरही हललेलं नाही. आमच्याकडे चौकशी समिती बसली. सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, की घरमालक जरा उद्योगी आहेत, त्यांनीच अँटेना हलवली असणार. ताई, सगळ्यांनी माना डोलावल्या गं! ज्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं, त्यांच्याच माथी मी हे मारलं. लाज वाटते, एवढ्याने भागत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.

तुझा (अजून म्हणत असशील तर)
धाकटा

ता. क. : समितीचा माणूस बुधवारी तुमच्याकडे, अँटेना हलवल्याच्या जबाबावर भावोजींची सही घ्यायला येईल. भावोजी नाही तरी कागद न वाचताच सही करतात. करू देत. माझं प्राध्यापकपद वाचेल.

आणखी ता. क. : वरचं विसर. माझी जुनी नोंदवही सापडली. अँटेनाची उंची गच्चीपासून तिच्या बुडापर्यंत मोजायची असते. नवी बसवल्यावर मी शहाण्याने ती माथ्यापर्यंत मोजून लिहिली. फरक बरोबर नऊ सेंटिमीटर, म्हणून हिशेबात घर तेवढंच खाली गेलेलं दिसलं. अक्षर माझंच.

शेवटचं : आत्ताच भावोजींचा फोन येऊन गेला. यायची वेळ ठरवायला समितीने त्यांना फोन केला, तर यांनी आपणहून लिहूनच पाठवलं, "अँटेना मीच हलवली, पोराला बोल लावू नका." अगं, गुडघ्यापायी तो माणूस चार वर्षांत गच्चीवर चढलेला नाही! वही घेऊन मी संचालकांच्या दाराबाहेर बसलोय. आत जाऊन सगळं सांगतो. तू एवढंच कर, त्यांना ते पत्र मागे घ्यायला लाव. माझ्या सांगण्याने घेणार नाहीत. "आता तू गप्प बस, तुझं मी बघतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवलाय.