खोली क्र. १७ मधील पलंगाचे चार नट

प्रति,
मा. व्यवस्थापक,
तात्पुरते निवारा केंद्र (बेघर कुटुंबे)

विषय : पलंगाचे चार नट सोडवून तो भिंतीला लावून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र – ‘बाळाची खाट देण्यात आली आहे, सबब तक्रार निकाली.’

महोदय,

मी शिवणकाम करते. बाळाचे वडील बेकरीत रात्रपाळीला असतात. राहती इमारत धोकादायक ठरवून रिकामी केल्यापासून आम्ही दोघे व तीन महिन्यांचे बाळ आपल्या केंद्रात आहोत. डोक्यावर छप्पर दिलेत, ते मी विसरलेले नाही.

१. खाट मिळाली, हे खरे. पोच मीच सही करून दिली. पण ती खोलीत मावत नाही, म्हणून तळमजल्यावरच्या भांडारात, माझ्या नावाची चिठ्ठी लावून, कुलपात ठेवली आहे. बाळ वर माझ्यापाशी आहे.

२. खोली सात फूट रुंद. पलंग चार फुटी. चोरीला जाऊ नये म्हणून बरोबर मधोमध फरशीला नटांनी आवळलेला. दोन्ही अंगांना दीड-दीड फूट उरते, खाट दोन फुटी. पायथ्याशी दार आत उघडते. टेपने तीनदा मोजले आहे. मापात माझी चूक सहसा होत नाही.

३. नर्सबाईंनी बजावले आहे, बाळाला पाठीवर, सपाट जागी, एकटे निजवा. उशी नको, गोधडी नको, शेजारी मोठे माणूस नको. आमच्या गादीला मध्ये खळगा आहे. कडेला ठेवलेले बाळ हळूहळू घरंगळत तिथेच येते.

४. गेल्या मंगळवारी दुपारी बाळाचे वडील पाळीवरून येऊन निजले होते. मी नळावर बादली भरून आले. खोली शांत होती, नको इतकी शांत. मैदा मळून मळून जड झालेला बापाचा हात बाळाच्या तोंडावर पडला होता. ओठ जांभळे. मी हात ओढून काढला, बाळाला छातीशी उचलले, तेव्हा कुठे ते रडले. महोदय, रडणे इतके गोड असते हे मला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून बाळाचे वडील जिन्यात बसून झोपतात. मी माझे मनगट कापडी पट्टीने पलंगाच्या गजाला बांधते, म्हणजे झोपेत कूस बदलली जाणार नाही. अंगाई सोडली आहे. दुसऱ्या ओळीला मलाच डुलकी येते. त्याऐवजी बाळाचे श्वास मोजते. पट्टी बांधणे हा पलंगाचा गैरवापर समजू नये.

५. परवा तपासणी होती. बाळाला भांडारात नेऊन खाटेत निजवण्यास सांगण्यात आले. फोटो निघाला. झाडू-बादल्यांच्या मध्ये हातपाय पसरून ते गाढ झोपले. तपासणीचे साहेब गेल्यावरही केअरटेकरदादा म्हणाले, “असू दे ताई, निजू दे त्याला.” अर्धा तास त्यांनी कुलूप लावले नाही. तो अर्धा तास मी श्वास मोजले नाहीत.

पलंग भिंतीला सरकवला तर तीन फूट मोकळे होतात. खाट बसते, वर फूटभर वाट उरते. पाना केअरटेकरदादांच्या कमरेलाच असतो. ते म्हणतात, “दहा मिनिटांचं काम हो! पण सहीशिवाय नट ढिला केला, तर माझी नोकरी ढिली होईल.” त्यांचा दोष नाही.

उत्तरास सात दिवस लागतात, हे माहीत आहे. बाळ दिवसाकाठी पाच वेळा निजते. सात दिवसांच्या पस्तीस झोपा होतात. त्यातली एकही मला चुकवता येत नाही. तरी आजच सही व्हावी.

आपली नम्र आणि जागी,
बाळाची आई, खोली क्र. १७
दि. १४

सोबत :
१) खोलीचा नकाशा, मापांसह.
२) तपासणीतील फोटो – बाळ खाटेत (भांडारात).
३) केअरटेकरांच्या नावे आदेश, मीच लिहिलेला. फक्त सहीची जागा मोकळी आहे.