पगारवाली बाई

सोमवार

धाकट्या,

आशीर्वाद घे, पण आधी ऐक. तुझ्या ऑफिसात माझं हसं झालं आणि तू अजून तोंड लपवून बसलायस. फोनची मला किळस आलीय, म्हणून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर डोळे ताण, पण दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नकोस.

तुझे इस्त्रीचे सदरे द्यायला आले, तर तुझा तो चष्मेवाला म्हणतो, "अहो, तुम्हीच ना आमच्या पगारवाल्या बाई? फोटोवरून ओळखलं! चोराला तुमच्याइतकं कुणीच बोलत ठेवत नाही." सगळे फिदीफिदी हसले. तू खाली बघून चहा ढवळत राहिलास.

मग त्यानेच समजावलं. कंपनीच्या कॉम्प्युटरात शिरण्याआधी चोर हेरतो, कुठलं दार सैल, कुठला माणूस भोळा. तुम्ही एक खोटं दार ठेवता आणि तो कुठे कुठे चाचपतो ते टिपता, म्हणजे पुढच्याची चाल आधीच कळते. टिपा की! माझी ना नाही. पण त्या दारावर पगार बघणारी बाई म्हणून माझा फोटो, माझा नंबर? नवा फोन दिलास तेव्हा म्हणालास, "ताई, कंपनीची चाचणी आहे. कुणी विचारलं तर म्हण, पगाराचं मीच बघते. गोड बोल, लवकर ठेवू नकोस." मला वाटलं, भावाने आठवणीने आणला. शी! उंदराच्या सापळ्यात तुकडा अडकवावा तशी सख्खी बहीण अडकवलीस.

बोलले मी गोड. दिवसभर लाँड्रीत वाफ खायची, घरी येऊन भिंतींशी काय बोलणार? फोन करणारा तो मेला चोर हेरत होता, पण "मॅडम, जेवलात का?" विचारायचा. पगाराचं मला काय कळतंय! मी आपलं घरचंच सांगत बसायची. गुडघा, गळकी टाकी. आणि एकदा ते दुसरं.

छातीतली गाठ. तुला नाही सांगितली, कुणालाच नाही. परक्याला सांगितलं की सांगून मोकळं, असं वाटलं. त्याने पगाराचं विचारणं सोडलं. मग म्हणाला, "डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका." चोर म्हणाला हे!

चष्मेवाला म्हणतो, सगळे फोन तूच बसून ऐकतोस. मग तो गाठीचा फोन ऐकलास का? ऐकून चोराचे प्रश्न तेवढे टिपलेस आणि वर सदरे पाठवलेस इस्त्रीला?

दाखवलं मी डॉक्टरला. शुक्रवारी गाठीचा तुकडा काढून तपासणार, सोबत घरचं माणूस आणा म्हणतात.

माझा फोटो आजच्या आज काढ. आणि गुरुवारपर्यंत लाँड्रीत चिठ्ठी टाक: ऐकलं होतंस की नाही? नसशील ऐकलं तर शुक्रवारी सकाळी ये. ऐकलं असशील तर येऊ नकोस, शेजारीण येईल. पण उत्तर मला हवं.

तुझी, गुरुवारपर्यंत तरी,
ताई