कामगारांच्या मनासाठी माझी दौड

१४ नोव्हेंबर १९९४, सोमवार. पहाटे ५:५०
निर्णय पक्का. ११ डिसेंबरला इथल्या मित्रमंडळाची मॅरेथॉन, बाळकुम नाका ते ठाणे स्टेशन आणि परत. मी धावणार, आमच्या बिल्डिंगच्या साईटवरच्या कामगारांच्या मनःस्वास्थ्यासाठी. गेल्या महिन्यात आमचा भगवान बांबूच्या परांचीवरून पडला, कंबर मोडून गावी गेला. तेव्हापासून माणसं गप्प गप्प असतात. अशा वेळी सुपरवायझरने खंबीर राहायला हवं. मी आहे.
आज गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. बूट चावतात.

१६ नोव्हेंबर
ऑफिसात कामगारांसाठी अर्धा तास ‘टेन्शन सांगा’ अशी बैठक ठेवली. कोणी आलं नाही. म्हणजे टेन्शन बरंच कमी आहे. फक्त कलावती बिगारी आली, चहा ठेवला आणि विचारलं, साहेब, जेवता ना नीट? तिला विषय कळला नाही.

२१ नोव्हेंबर
महिपत गवंडी रोज सायकल घेऊन माझ्या मागून येतो. माझं बघून त्याला व्यायामाची गोडी लागली. उद्यापासून पाच किलोमीटर.
चौथ्या मजल्यावर गेलो नाही. रेससाठी गुडघे जपायला हवेत. महिपतने वरून मापं ओरडली, मी खाली लिहून घेतली.

२९ नोव्हेंबर
पाच किलोमीटर उद्यापासून.
इंजिनिअर साहेब चिडले. म्हणाले, जो जिना चढत नाही तो मॅरेथॉन काय धावणार. त्यांना स्पोर्ट्समधलं काही कळत नाही. बसल्या बसल्या छाती धडधडते, स्टॅमिना वाढत असणार. आज सायकलवर महिपतऐवजी राघो पेंटर होता. लोण पसरतंय.

८ डिसेंबर
राघोने बनियनवर ऑइलपेंटने ‘मन सांभाळा’ लिहून दिलं. वाळून पत्रा झालाय. काखेत कापतो. पाच किलोमीटर राहिलेच, पण रेसच्या दिवशी जोर आपोआप येतो.

११ डिसेंबर, रविवार. दुपारी
माजिवड्यापर्यंत व्यवस्थित. तिथे एक बिल्डिंग चालू आहे. सहाव्या मजल्याच्या परांचीवर एक माणूस घमेलं घ्यायला वाकला. माझे पाय उचलेनात. रस्त्यातच मटकन बसलो. मागचे धावणारे वळसा घालून गेले.
मागून सायकलवर आलेल्या महिपतने पाणी पाजलं, कॅरिअरवर बसवलं. वाटेत त्याला विचारलं, तू एवढे दिवस आलास, आता तुझ्या मनाला बरं वाटतंय ना? तो पेडल मारता मारता म्हणाला, आमचं बरं हाय साहेब. आमी दिवाळीपासून पाळ्या लावल्यात, तुमाला एकटं सोडायचं नाय म्हणून. त्या दिवशी भगवानचा हात तुमच्याच हातातनं सुटला ना.
हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं. त्याच्या पाठीमागे बसून खूप रडलो.
गेटवर कलावती उभी होती. मी तिला म्हणालो, उद्यापासून धावणं बंद, आता माझ्यामागे कोणाची पाळी लागणार नाही.
ती म्हणाली, लागंल.