सोनाळ्यात मुकं पडलेलं पेडल

शनवार, सांजच्याले

पहिले आला मधुकर, आर्केस्ट्राचा मालक. मागून त्याचा गवय्या. टेकले नाई तं माह्या नातवालेच बोलाले लागले, "सुरेश, तुया बेस गिटारीनं सोनाळ्यात नाक कापलं बे!"

काऊन कापलं? पायानं आवाज बदलाचं ते पेडल कोणं घ्याले लावलं? ह्या मधुकरनंच! भर लग्नात त्यातला सेल गेला अन् गिटार मुकी झाली. तसा सेल सोनाळ्यात भेटते का? मी तोंडावरच म्हटलं, "मधुकर, खेड्यात वाजवाचं तं मजबूत वायर पाह्य, रुंद पट्टा पाह्य. पोराच्या खांद्यावर वळ उठले."

तं हासते मेला! "आजी, पेडल नसन तं आमी दुसरा वाजवणारा पाहू."

पाहू म्हणे! माहा सुरेश नुसत्या वायरीवर वाजवते तं फळीवरच्या ताटल्या घुमतात. मले या वयात नाचावं वाटते. पण हा खाली मुंडी घालून बसला, त्याचाच राग जास्त आला. ते गेल्यावर म्हणे, "आजी, मी पेडलबिगर वाजवून दाखवतो." आता बोलते! त्यायच्यासमोर काऊन नाई बोलला?

पेडल, पेडल! बेस्तरवारी परत येतो म्हणून गेले. येऊ द्या. पहिले सुरेश वाजवीन, मंग चहा.